झोपेतील श्वासरोध (स्लीप ॲप्निया)

झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याचा विकार. घोरणाऱ्या माणसाकडे पाहून ‘कसा गाढ झोपलाय’ असे घरोघर म्हटले जाते. हा समज आधी सोडायला हवा. या रुग्णाच्या वाट्याला गाढ झोप फारच थोडी येते.

झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे, मानेभोवती चरबी साठली आहे किंवा खालचा जबडा मागे आहे, त्यांची जीभ आणि मऊ टाळू मागे ढळून श्वासाची वाट बुजते. छाती-पोट हलत राहते, हवा मात्र आत जात नाही. घोरणे एकदम थांबते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस घुसमटून मोठा श्वास ओढतो, कूस बदलतो आणि परत घोरू लागतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. त्या भयाण शांततेची साक्षीदार असते शेजारी झोपलेली व्यक्ती, म्हणून तिला डॉक्टरांकडे सोबत नेलेच पाहिजे.

सकाळी डोके जड, तोंडाला कोरड, दिवसभर पेंग, रात्री लघवीसाठी उठणे ही नेहमीची लक्षणे. वाहन चालवताना लागणारी डुलकी सर्वांत घातक. दुर्लक्ष केल्यास उच्च रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. स्त्रिया बरेचदा घोरण्याऐवजी थकव्याची तक्रार करतात, त्यामुळे त्यांचा आजार निसटतो. मुलांत बहुधा टॉन्सिल वाढलेले असतात.

निदानासाठी रात्रभर श्वास, प्राणवायू व मेंदूलहरींची नोंद घेतात. प्रौढांत तासाला ५ ते १४ वेळा श्वास अडला किंवा मंदावला तर सौम्य, १५ पासून मध्यम, ३० व त्यापुढे तीव्र अशी प्रतवारी आहे.

पूर्वी तीव्र रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडणे हाच खात्रीचा इलाज होता. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सतत दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत मांडली. तीच आजची ‘सीपॅप’. सुरुवातीला मास्कची पट्टी गालात रुतते, नाक कोरडे पडते, आणि यंत्र कपाटात जाते. तसे होऊ देऊ नये. मास्कचे माप बदलून, हवेला ओलावा देऊन बहुतेक अडचणी सुटतात. वजन घटवणे, कुशीवर झोपणे, दारू सोडणे यांचाही उपयोग होतो.

झोपेच्या इतर विकारांत निद्रानाश सर्वाधिक आढळतो. आठवड्यातून किमान ३ रात्री, ३ महिने झोपेची तक्रार टिकली तर तो जुनाट समजतात. त्यावर गोळ्यांआधी झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी उपचारपद्धती सुचवतात. अंथरुणावर पडताच पाय हलवावेसे वाटत असतील, तर रक्तातले लोह तपासावे. निद्रानाश आणि श्वासरोध एकाच माणसात असू शकतात. त्याने घोरणे न सांगता झोपेची गोळी घेतली, तर घसा आणखी सैलावून श्वास जास्त वेळ अडू शकतो.