बांधाची वही

चंद्रपूर-वणीच्या परिसरात कोळशाच्या उघड्या खाणी वर्धा व इरई या नद्यांच्या जवळपास पसरलेल्या आहेत. नदीचे पात्र वर आणि कोळशाचा थर तिच्या तळाहूनही कितीतरी खाली, अशी ही विपरीत रचना आहे. जेथे नदी फारच जवळ येते, तेथे दोहोंच्या मध्ये उभा राहतो तो केवळ मातीचा बांध. यंत्रांकडे आणि सुरुंगांकडे सर्वांचे लक्ष असते. या मुक्या बांधाकडे पाहण्याचे काम एखाद्या सर्वेक्षकाकडे वा देखरेखीच्या माणसाकडे येते.

पाणी हा खाणीचा जुना शत्रू आहे. 10 डिसेंबर 1954 रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून 63 कामगार मृत्यू पावले. त्या काळी छिंदवाड्याचा कारभार नागपूरहूनच चाले. पुढे 1957 मध्ये कोळसा खाणींसाठी नवे विनियम झाले. खाणीला पुरापासून राखणारी बांधकामे पावसाळ्यात दर चौदा दिवसांनी आणि एरवी दर तिमाहीस एकदा जाणत्या माणसाने तपासावीत, अहवाल बांधीव वहीत लिहून त्याखाली सही करावी, असा दंडक त्यांत घालण्यात आला.

वही आली. परंतु वहीत काय लिहावयाचे, हे बांधच सांगत असतो, आणि त्याची भाषा सावकाश समजते. मातीचा बांध बहुधा एकाएकी कोसळत नाही. तो आधी आतून पोखरला जातो. पायथ्याशी पाझर दिसला म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नसते, कारण माती थोडे पाणी झिरपू देतेच. पण तेच पाणी गढूळ होऊ लागले, तर ते बांधाची माती बरोबर घेऊन चालले आहे, असे समजावे. माथ्यावरची लांबट भेग, मध्येच खचलेला भाग, घुशींची व खेकड्यांची बिळे, वाळलेल्या झाडाच्या कुजलेल्या मुळाने सोडलेली पोकळी, ही सारी त्याच भाषेतील अक्षरे होत.

पुणेकरांना ही भाषा फार महाग पडली. 12 जुलै 1961 रोजी अंबी नदीवरील पानशेतचे अपुरे धरण फुटले. पाणी सोडण्याच्या मोरीची दारे अर्धवट अवस्थेत होती. प्रवाहाचे हादरे बसून मोरी खिळखिळी झाली, भोवतालची माती ढळली आणि माथा खचत गेला. जवानांनी वाळूची पोती रचली, पण वरून घातलेल्या भरीला आतली पोकळी दाद देत नाही.

खुद्द कोळशाच्या खाणीवरील उदाहरण याहूनही बोलके आहे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात एका कोळसा कंपनीने खाणीतील टाकाऊ मालाचेच बांध घातले होते. 22 फेब्रुवारी 1972 रोजी सरकारी निरीक्षकाने वरच्या बांधाची पाहणी केली व तो समाधानकारक ठरविला. चारच दिवसांनी, पावसाने पाणी चढल्यावर, बांध फुटला आणि खालच्या वस्त्यांतील 125 माणसे प्राणांस मुकली. दप्तरी भाषेत 'समाधानकारक' या शब्दाएवढा स्वस्त शब्द दुसरा नसेल! तो निरीक्षक अप्रामाणिक होता, असे मानण्याचे कारण नाही. पाहणी झाली, पण तिच्यामागे मोजमाप नव्हते. मुळात तो बांध शास्त्रशुद्ध रीतीने उभारलेलाच नव्हता.

आपल्याकडे, नियम होऊन अडतीस वर्षे लोटल्यावर, सप्टेंबर 1995 मध्ये धनबादजवळ कतरी नदीचे पुराचे पाणी गसलीटांड खाणीत शिरले आणि 64 कामगार आत अडकून मेले.

विदर्भात तर एक अडचण अधिक आहे. तेथील काळी माती उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि पहिल्या सरींचे पाणी त्या भेगांतून थेट आत उतरते. म्हणून तेथील खरी पाहणी पूर आल्यावर नव्हे, तर मृगाच्या आधी, रणरणत्या उन्हात करावी लागते. हातात काठी घेऊन भेगेची खोली अजमावावयाची, ती खणून ओलसर मातीने भरून धुमसावयाची, गतवर्षीच्या पूररेषेच्या खुणेपासून माथा किती उंच उरला ते मोजावयाचे, आणि मग वही उघडावयाची.