विंडहूक–वॉल्विस बे : अंतर व उड्डाणवेळ

विंडहूक ही नामिबियाची राजधानी आणि वॉल्विस बे हे त्या देशाचे प्रमुख बंदर. दोन्ही शहरांमधील सरळ अंतर सुमारे २७० किमी. आहे, तर डांबरी रस्त्याने ते ३९० किमी.च्या आसपास भरते. विमान साधारण पाऊण तासात पोहोचते. मोटारीला चार ते साडेचार तास लागतात. दोन्हीकडे प्रमाणवेळ एकच असल्याने घड्याळ बदलावे लागत नाही.

रस्ता इतका लांब पडण्यामागे भूगोल आहे, तसाच इतिहासही आहे. वॉल्विस बे १८७८ मध्ये ब्रिटिशांनी ताब्यात घेतले. भोवतालचा सारा मुलूख पुढे जर्मनांकडे गेला, पण नैसर्गिक बंदर मात्र त्यांच्या हाती लागले नाही. म्हणून त्यांनी १८९२ मध्ये उत्तरेला ३५ किमी.वर स्वाकोपमुंड वसवले. तेथून विंडहूकपर्यंतची ३८२ किमी.ची रेल्वे १९०२ मध्ये पूर्ण झाली. आजचा हमरस्ताही ओकाहांजा, कारिबिब ही त्याच रेल्वेवरची गावे आणि पुढे उसाकोस घेत स्वाकोपमुंडला उतरतो आणि मग किनाऱ्याने दक्षिणेकडे वळतो. नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाला, तरी ब्रिटिशांकडून दक्षिण आफ्रिकेकडे आलेले वॉल्विस बे त्या देशाकडेच राहिले. त्याचे हस्तांतरण १ मार्च १९९४ रोजी झाले. गाम्सबर्ग घाटातून येणारी खडीची वाट नकाशावर जवळची दिसते. तिच्यावर किलोमीटर वाचतात, तास वाचत नाहीत.

पाऊण तास हा आकडा खरा असला तरी अपुरा आहे. राजधानीचा होसेया कुटाको आंतरराष्ट्रीय विमानतळ शहरापासून सुमारे ४५ किमी. पूर्वेला, म्हणजे समुद्राच्या नेमक्या उलट दिशेला आहे. त्यामुळे विमानतळ ते विमानतळ हे अंतर २९५ किमी.च्या घरात जाते. वॉल्विस बेचा विमानतळही गावाबाहेर, पूर्वेकडे वाळवंटात आहे. दोन्ही टोकांचा मोटारप्रवास आणि उड्डाणापूर्वीची हजेरी धरली, तर घरापासून घरापर्यंत तीन तास सहज जातात. विंडहूक शहरालगत एरोस हा लहान विमानतळ आहे. तेथून सुटणाऱ्या छोट्या विमानाने जमिनीवरचा हा फेरा वाचतो.

विंडहूक समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५० मी. उंचीवर आहे. हा पठारी प्रदेश ओलांडला की खाली नामिब वाळवंट लागते, आणि ते थेट अटलांटिकला भिडते. किनाऱ्यालगत वाहणाऱ्या थंड बेंग्वेला प्रवाहामुळे समुद्रावर दाट धुके धरते. रात्री व पहाटे ते बरेच आत सरकते आणि ऊन चढले की विरते. पाऊस जवळजवळ नसलेल्या या पट्ट्यात कीटक आणि वनस्पती याच धुक्यावर जगतात. वैमानिकाला मात्र ते विरण्याची वाट पाहावी लागते. सकाळच्या विमानाने वॉल्विस बेला उतरून पुढे जहाज किंवा दुसरे विमान गाठायचे असेल, तर मध्ये काही तासांची सवड ठेवावी.