नाण्यांची प्रतवारी (ग्रेडिंग)

संग्राह्य नाण्याची झीज, चमक, ओरखडे व छापाचा उठाव तपासून तटस्थ संस्थेने ठरवलेला दर्जा. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या अमेरिकी मोठ्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. ७० दर्जाचे नाणे १ दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे, असा त्यांचा हिशेब होता. बाजाराने तो मोडीत काढला. श्रेणी मात्र टिकली. अमेरिकेतील पीसीजीएस (१९८६) व एनजीसी (१९८७) या प्रतवारी संस्था नाणे तपासून मोहोरबंद प्लॅस्टिक डबीत देतात, त्यामुळे हाताळून न पाहताही सौदा होतो. वरच्या दर्जात दुर्मिळ असलेल्या नाण्याची किंमत एका अंकाने अनेक पटींनी वाढू शकते. सामान्य नाण्यात मात्र अनेकदा प्रतवारीचे शुल्कही वसूल होत नाही. घासून चकचकीत केलेल्या नाण्याला बहुधा अंकाऐवजी ‘साफ केलेले’ हा शेरा मिळतो आणि भाव घसरतो.