गॉल्जी पिंडाचा शोध

गॉल्जी पिंड : सकेंद्रक कोशिकांच्या कोशिकाद्रव्यात आढळणारे एक कोशिकांग. पटलांनी बनलेल्या चपट्या पिशव्यांची चळत व तिच्याभोवतीच्या सूक्ष्म पुटिका असे याचे स्वरूप असते. कोशिकेत तयार झालेल्या प्रथिनांवर संस्कार करणे, त्यांची वर्गवारी करणे व ती योग्य स्थळी रवाना करणे ही याची प्रमुख कार्ये होत. सूक्ष्मदर्शकातून दिसणारी वस्तू कोशिकेत खरोखरच असते की ती पाहण्याच्या प्रक्रियेतूनच निर्माण होते, हा प्रश्न या कोशिकांगाविषयी सु. अर्धशतक वादग्रस्त होता. त्यामुळे जीवविज्ञानाच्या इतिहासात त्याला विशेष महत्त्व आहे.

शोध : इटालियन वैद्य कामील्लो गॉल्जी (१८४३–१९२६) यांनी १८७३ मध्ये ऊतक रंगविण्याची ‘कृष्ण विक्रिया’ शोधून काढली. तीत ऊतकावर प्रथम पोटॅशियम डायक्रोमेटाची व नंतर सिल्व्हर नायट्रेटाची क्रिया करतात. त्यामुळे काही थोड्याच तंत्रिका कोशिका काळ्या होतात व पिवळसर पार्श्वभूमीवर आपल्या सर्व शाखांसह स्पष्ट दिसतात. या पद्धतीत फेरफार करून गव्हाणी घुबडाच्या अनुमस्तिष्कातील (लहान मेंदूतील) कोशिका पाहताना गॉल्जी यांना कोशिकेच्या आत, केंद्रकाभोवती, एक नाजूक जाळे आढळले. एप्रिल १८९८ मध्ये पाव्हीया येथील वैद्यकीय संस्थेपुढे त्याचे वर्णन करताना त्यांनी त्यास ‘अंतर्गत जालिकारूप साधन’ असे नाव दिले. तंत्रिका तंत्राच्या संरचनेवरील कार्याबद्दल त्यांना १९०६ चे नोबेल पारितोषिक सांत्यागो रामॉन ई काहाल यांच्यासमवेत विभागून मिळाले.

वाद : यानंतर इतर अनेक प्रकारच्या कोशिकांतही ही संरचना आढळल्याचे वृत्तांत प्रसिद्ध झाले, परंतु तिचा आकार कोठे जाळ्यासारखा, तर कोठे सुट्या तुकड्यांसारखा दिसे. जिवंत कोशिकेत ती सहसा दिसत नसे. रंजनाचे फलही प्रत्येक वेळी सारखे येत नसे. प्रकाश सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता सु. ०·२ मायक्रोमीटरपर्यंतच मर्यादित असल्याने आतील पटले त्यातून वेगळी दिसणे शक्य नव्हते. म्हणून ही संरचना म्हणजे रसायनांमुळे उद्भवणारा आभास असावा, असे अनेकांना वाटे. १९४९ मध्ये जॉर्ज पालाडे व आल्बेअर क्लॉड यांनी, स्थिरीकरणाच्या वेळी कोशिकेतील मेदद्रव्यांपासून अशा आकृती कृत्रिम रीत्या तयार होतात, असे प्रतिपादन केले. आक्षेप निराधार नव्हता. कारण मृत ऊतकावर रसायनांची क्रिया झाल्यावरच ही संरचना दिसत असे.

निर्णय : या वादाचा निकाल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे लागला. हे उपकरण १९३१ पासून विकसित होत गेले. तथापि कोशिकांच्या अभ्यासासाठी अतिशय पातळ छेद घेण्याच्या व योग्य स्थिरीकरणाच्या पद्धती उपलब्ध होण्यास १९५० च्या सुमाराचा काळ उजाडला. १९५४ मध्ये ए. जे. डाल्टन व एम. डी. फीलिक्स यांनी अधिवृषणातील कोशिकांच्या अभ्यासातून या कोशिकांगाची पटलमय रचना दाखवून दिली. निरनिराळ्या प्राण्यांच्या व वनस्पतींच्या कोशिकांत तशीच रचना आढळल्यावर आभासाची शंका फिटली.

पुढे १९६०–७० या दशकात पालाडे यांनीच सहकाऱ्यांसह गिनीपिगच्या अग्निपिंडातील कोशिकांना किरणोत्सर्गी ॲमिनो अम्ल पुरवून प्रथिनांचा मार्ग शोधला. नवी प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्जी पिंडाकडे व तेथून स्रावकणांत जातात, असे त्यांना दिसून आले. ज्या संरचनेच्या अस्तित्वाविषयी त्यांनी शंका घेतली होती, तिचे कार्य अशा प्रकारे त्यांच्याच संशोधनाने स्पष्ट झाले. १९७४ मध्ये पालाडे, क्लॉड व क्रिस्त्याँ द द्यूव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुटिकांद्वारे होणाऱ्या वाहतुकीच्या नियमनाबद्दल २०१३ चे पारितोषिक जेम्स रॉथमन, रँडी शेकमन व टोमास स्यूडहोफ यांना देण्यात आले.

एकाच रंजनपद्धतीने मिळालेले दृश्य पुरेसा पुरावा ठरत नाही. परस्परांहून भिन्न तत्त्वांवर आधारलेल्या पद्धतींचे निष्कर्ष जुळले म्हणजेच ते ग्राह्य मानता येते, हे कोशिकाविज्ञानातील महत्त्वाचे तत्त्व या इतिहासावरून स्पष्ट होते.