क्यू आहे, यू नाही

इंग्रजी शब्दकोशात शब्द सापडतो तो पहिल्या अक्षरावरून. शब्द ठाऊक असून अर्थ हवा असेल, तर ही मांडणी सोयीची. पण ज्यांत क्यू आहे आणि यू नाही असे शब्द कोणते, किंवा तिसरे अक्षर झेड असलेले पाच अक्षरी शब्द कोणते, असे विचारले की तोच जाडजूड कोश मुका होतो. असे प्रश्न विचारणे हा शब्दखेळांचा स्वभाव आहे. त्यांच्यासाठी इंग्रजीचा शब्दसाठा वेळोवेळी मोडून नव्याने लावावा लागला.

पहिली मोठी मोडतोड खेळापायी झाली नाही, यमकापायी झाली. जॉन वॉकर या इंग्रज कोशकाराने 1775 साली शब्दांचा क्रम शेवटच्या अक्षरावरून लावला. एकाच शेपटाचे शब्द त्यामुळे शेजारी आले आणि कवींची सोय झाली.

खेळाची खरी गरज शब्दकोड्यांनी निर्माण केली. 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन यांचे पहिले कोडे छापले गेले. 1924 मध्ये कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले, तेही सोबत पेन्सिल जोडून, आणि अमेरिकेतल्या ग्रंथालयांत कोशांभोवती कोडेवाल्यांची झुंबड उडू लागली. पुढे खास कोडी सोडवण्यासाठी शब्दांच्या लांबीनुसार लावलेले कोश आले. (मराठी कोड्यात एका चौकोनात काना-मात्रेसकट अख्खे अक्षर बसते. इंग्रजीत स्वर आणि व्यंजन वेगवेगळ्या घरांत राहतात, म्हणून तिथे अक्षरांची उलटापालट करायला फार मोठे रान मिळते.)

त्याच सुमारास एका बेकार माणसाने उलट्या बाजूने विचार केला. आल्फ्रेड बट्स हे न्यूयॉर्कमधले वास्तुविशारद. 1930 नंतरच्या मंदीत त्यांची नोकरी गेली. एडगर ॲलन पो यांच्या एका कथेत अक्षरांच्या वारंवारतेवरून गुप्तलिपी उलगडली जाते, ती कथा त्यांना ठाऊक होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पहिले पान पुढ्यात घेऊन ते कोणते अक्षर किती वेळा येते हे हाताने मोजत बसले. त्या मोजणीवरून त्यांच्या नव्या शब्दखेळातल्या अक्षरांच्या सोंगट्यांची संख्या आणि गुण ठरले. ई बारा वेळा, गुण एक. क्यू आणि झेड एकेकदाच, गुण दहा. एस मात्र त्यांनी मुद्दाम चारच ठेवले, कारण कोणत्याही नामाला एस चिकटवून अनेकवचन करता आले असते आणि खेळ पचपचीत झाला असता. जेम्स ब्रूनो यांनी 1948 मध्ये हक्क घेऊन या खेळाला ‘स्क्रॅबल’ हे नाव दिले. पुढच्या वर्षी 2,400 संच तयार झाले आणि धंदा तोट्यात गेला. भरभराट आली ती 1952 नंतर.

घरात खेळताना ‘हा शब्दच नाही’ या वादावर जवळचा कोश पुरे. स्पर्धांना अधिकृत यादी हवी होती. अमेरिकेत मेरियम-वेबस्टरने 1978 मध्ये खेळाडूंचा वेगळा कोश काढला. पाच कोशांपैकी एकात जरी शब्द असला तरी तो घ्यायचा, असा उदार नियम होता. ब्रिटनमध्ये चेंबर्सच्या कोशावरून 1988 मध्ये यादी निघाली. या दोन याद्या एकत्र झाल्या, तेव्हा त्यांच्या आद्याक्षरांचीच उलटापालट करून खेळाडूंनी जोडयादीचे नाव पाडले ‘सॉवपॉड्स’. आजच्या कॉलिन्सच्या यादीत पावणेतीन लाखांहून अधिक शब्द आहेत.

यादीमुळे सर्वांत जास्त उजळले ते यूविना क्यूचे शब्द. जुन्या इंग्रजीत ‘क्वीन’ सी आणि डब्ल्यूने लिहीत. 1066 नंतर नॉर्मन लेखनिकांच्या वळणाने तिथे क्यू-यू आले आणि ही जोडी इंग्रजीत पक्की झाली. ती मोडतात ते बाहेरून आलेले शब्द, विशेषतः अरबीतल्या ‘क़ाफ’साठी रोमन लिपीत क्यू वापरल्यामुळे. फकीर, काझी, तलाक, कव्वाली या शब्दांची क्यूने केलेली रूपे यादीत आहेत. मराठी वाचकाला ते कोशात पाहावे लागत नाहीत, लंडनच्या खेळाडूला पाठ करावे लागतात. 2006 मध्ये अमेरिकी यादीत चिनी ‘ची’ क्यू-आय या दोनच अक्षरांत दाखल झाली आणि हातात अडकलेला क्यू सोडवणे बरेच सोपे झाले.

पाठांतराचीही रीत बसली. शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावायची: ए, ई, आय, एन, आर, एस, टी. या एकाच साच्यातून ‘रिटेन्स’ निघते आणि ‘नॅस्टियर’ही. अर्थ कळला नाही तरी अडत नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी 2015 मध्ये फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेतेपद जिंकले. संगणकाने हे काम आणखी हलके केले. 1988 मध्ये अँड्र्यू ॲपेल आणि गाय जेकबसन यांनी शब्दांचे समान आरंभ आणि समान शेवट एकदाच साठवणारी जाळी वापरून स्क्रॅबल खेळणारा अतिवेगवान प्रोग्राम मांडला.

2021 मध्ये जॉश वॉर्डल यांचा ‘वर्डल’ हा पाच अक्षरी शब्द ओळखण्याचा खेळ लोकांपुढे आला, तेव्हा अडचण उलटी होती. पाच अक्षरी शब्दांची यादी तयारच होती, सुमारे बारा हजारांची. पण त्यातले बहुतेक शब्द सामान्य माणसाने कधी ऐकलेलेच नव्हते. वॉर्डल यांच्या जोडीदाराने ती एकेक शब्द पाहत चाळली आणि उत्तरांसाठी सुमारे अडीच हजार शब्द उरले.