जेऊर स्टेशनची पाटी अधू नजरेला कशी दिसते?

करमाळा तालुक्यातील जेऊर हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील स्टेशन. तिथली पिवळी पाटी लघुदृष्टी असलेल्याला लांबून पुसट दिसते. जवळ गेलं की अक्षरं लागतात. मोतीबिंदूत रंग फिके पडतात, रात्री इंजिनाचा दिवा डोळ्यांवर पसरतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर धुरकट प्लास्टिक धरलं की याचा साधारण अंदाज येतो.

काचबिंदूची नक्कल मात्र बहुतेकदा फसवी असते. चित्रांत कडेने काळा बोगदा दाखवतात; पण 2013 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील अभ्यासात 50 रुग्णांपैकी एकानेही तसं चित्र निवडलं नाही. काही भाग पुसट दिसतो, काही गायबच होतो. रिकामी जागा मेंदू भरून काढतो. त्यामुळे पाटी वाचता येते, पण बाजूने येणारी हातगाडी दिसत नाही. मोतीबिंदूत शस्त्रक्रियेने नजर सुधारते, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.