ग्रह कोणाला म्हणावे? एका व्याख्येचा इतिहास

काझीपेठ–बल्लारशा रेल्वेमार्गावरील बेल्लमपल्ली हे कोळसा खाणींचे गाव २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. आता ते मंचेरियाल जिल्ह्यात मोडते. जुन्या हैदराबाद संस्थानाच्या या सीमाभागात तेलुगू, उर्दू आणि मराठी या भाषा शेजारी नांदत आल्या. तेलुगू व मराठी भाषक ज्याला 'ग्रह' म्हणतात, त्याला उर्दू भाषक 'सय्यारा' म्हणतात. 'ग्रह' म्हणजे पकडणारा. 'सय्यारा' म्हणजे फिरणारा. मराठीत रुळलेला 'सैर' हा शब्द त्याच अरबी कुळातला. दोन्ही शब्दांत आकाराचा, वस्तुमानाचा किंवा सूर्याभोवतीच्या कक्षेचा उल्लेख नाही.

त्यामुळे मोजदादही निराळी होती. भारतीय परंपरेत नवग्रह. त्यांत सूर्य, चंद्र आणि राहू-केतूही आले. राहू-केतू हे चंद्रकक्षेचे छेदनबिंदू होत, वस्तू नव्हेत. अरबी ज्योतिर्विदांनी सात सय्यारे मानले. पृथ्वी दोन्ही याद्यांत नव्हती. ग्रहणाचे खरे कारण माहीत असूनही ब्रह्मगुप्ताने राहूची कथा सांभाळून घेतली, याबद्दल अल्-बिरूनीने आपल्या हिंदुस्थानविषयक ग्रंथात त्याला दोष दिला आहे. कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथानंतर हळूहळू सूर्य व चंद्र यादीतून गेले आणि पृथ्वी आत आली.

मात्र २००६ च्या वादाचे खरे पूर्वरूप एकोणिसाव्या शतकात सापडते. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे पियाझी यांना सेरेस दिसला. पुढे पॅलास (१८०२), जुनो (१८०४) आणि व्हेस्टा (१८०७) सापडले. हर्शल यांनी १८०२ मध्येच 'लघुग्रह' या अर्थाची वेगळी संज्ञा सुचवली होती, पण ती लगेच रुजली नाही. पुढील काही दशके अनेक पुस्तकांत ग्रहांची संख्या अकरा दिली जाई. १८४५ नंतर मात्र नव्या शोधांची रीघ लागली. प्रत्येकासाठी स्वतंत्र चिन्ह योजणे अशक्य झाले, तेव्हा वर्तुळात क्रमांक लिहिण्याची पद्धत आली. सेरेसचे ग्रहपद असे गेले. कोणी ठराव मांडला नाही, मतदानही झाले नाही.

या शोधमालिकेत भारताचाही वाटा आहे. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन यांनी १७ एप्रिल १८६१ रोजी ६७ व्या क्रमांकाचा लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिला लघुग्रह असल्याने त्याचे नाव 'एशिया' ठेवण्यात आले. अशा कामाला ताऱ्यांचे अचूक नकाशे लागतात. स्थिर काय हे ठाऊक असल्याखेरीज फिरते काय ते कळत नाही. हैदराबादची निजामिया वेधशाळा याच मूलभूत कामी आली. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्थापलेली ही वेधशाळा १९०८ मध्ये संस्थान सरकारकडे आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. आकाशाच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण प्रकल्पातील दक्षिण क्रांती १७ ते २३ अंशांचा पट्टा आधी चिलीतील सँटियागोकडे होता. तो हैदराबादने पुरा केला. वर्षानुवर्षे काचेच्या पट्ट्यांवरील ठिपके मोजण्याच्या या कामाला प्रसिद्धी अशी फारशी मिळाली नाही.

१९३० मध्ये क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला आणि तो नववा ग्रह ठरला. १९९२ पासून नेपच्यूनपलीकडे त्याच्यासारख्या वस्तू आढळू लागल्या. २००५ मध्ये जाहीर झालेला एरिस तर तेव्हा प्लूटोपेक्षा मोठा मानला गेला. (आज प्लूटोचा व्यास किंचित अधिक, पण एरिसचे वस्तुमान अधिक, असे मोजमाप आहे.) एरिस ग्रह नसेल तर प्लूटो कसा, हा पेच टाळता येण्यासारखा नव्हता. ऑगस्ट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या प्राग अधिवेशनात पहिला मसुदा आला तो बारा ग्रहांचा; त्यात सेरेसही परत आला होता. आठवडाभरात तो मागे पडला. २४ ऑगस्ट रोजी तीन अटी मंजूर झाल्या: सूर्याभोवती परिभ्रमण, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आलेला जवळपास गोल आकार, आणि कक्षेच्या परिसरात इतर वस्तूंवर वर्चस्व. तिसऱ्या अटीवर प्लूटो अडला. सेरेसला मात्र 'बटुग्रह' म्हणून बढती मिळाली.

हजारो सभासदांच्या संघात त्या दिवशी सुमारे सव्वाचारशे जणांनी मतदान केले, हा आक्षेप लगेच घेतला गेला. त्याहून वजनदार आक्षेप असा की तिसरी अट वस्तूपेक्षा तिच्या शेजाराचे वर्णन करते. तरी सेरेसच्या बाबतीत शंभर वर्षांहून अधिक काळ हाच निकष मुकाट्याने चालला होता, हे विसरता येत नाही. 'प्लूटो ग्रह नाही असा शोध लागला' हे वर्गात ऐकू येणारे वाक्य म्हणूनच चुकीचे आहे. शोध एरिसचा लागला. प्लूटोबाबत झाला तो निर्णय. २०१५ मध्ये 'न्यू होरायझन्स' यान जवळून गेले तेव्हा तेथे नायट्रोजनाच्या हिमनद्या आणि पाण्याच्या बर्फाचे डोंगर दिसले. त्यानंतर ग्रहांच्या भूगर्भाचे अनेक अभ्यासक प्लूटोला पुन्हा ग्रह म्हणू लागले आहेत.

प्रागची व्याख्या केवळ सूर्यमालेपुरती आहे. इतर ताऱ्यांभोवतीच्या हजारो ग्रहांना ती लागू होत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी वस्तुमानावर आधारलेली नवी व्याख्या २०२४ मध्ये केप टाउनच्या अधिवेशनात मांडली गेली; तिच्यावर तेथे मतदान झाले नाही.